वडील नसलेल्या मुलाचा सोबती होताना : मंडळीतल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

मंडळीतल्या एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला की पहिला महिना घर भरलेलं असतं. पाळकसाहेब येतात, महिला मंडळ डबे पाठवतं, तरुण संघ येऊन गाणी म्हणून जातो. महिन्याची प्रार्थनासभा झाली की चपलांची गर्दी ओसरते. त्या घरातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मात्र त्यानंतरच खरा एकटा पडतो.

मी सातवीत असताना माझे वडील गेले. आमच्या मंडळीतले एक निवृत्त कंपाउंडर त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी यायचे. फार बोलायचे नाहीत. माझी सायकल उलटी करून चेन बघायचे, गणिताची वही चाळायचे, चहा पिऊन जायचे. सहा वर्षं आले. आज मी नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) गेली चौदा वर्षं तेच काम करतो आणि सुरुवातीला चुकलोही पुष्कळ. आता आमच्या मंडळीतली नवी माणसं विचारतात, ‘कसं सुरू करायचं?’ त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे लिहितो आहे. मेंटॉर हा शब्द आमच्याकडे रुळला नाही. आम्ही ‘सोबती’ म्हणतो.

1. आधी पाळकसाहेब आणि कमिटी, मग बाकी सगळं

स्वतःच्या मनाने कुणाच्या घरी जायला सुरुवात करू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. पाळकसाहेबांना भेटा, मंडळीच्या कमिटीत विषय मांडा आणि तुमचं नाव व मुलाचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या. कुणीतरी तुमच्यावर लक्ष ठेवून आहे, हे मुलाच्या भल्याचं आहे आणि तुमच्याही.

तुमच्याकडून हे लागेल :

– आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो
– पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र (अर्ज ऑनलाइन होतो)
– मंडळीतल्या दोन जबाबदार माणसांची शिफारस, त्यातला एक तरी तुमचा नातेवाईक नसावा
– बालसुरक्षेचे नियम वाचून केलेली सही
– एक साधी वही. भेटीची तारीख, वेळ, जागा आणि दोन ओळी. बस.

‘आपल्याच मंडळीतला माणूस, पोलिसांचा कागद कशाला?’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. मागाच. जो माणूस या कागदावर रागावतो, त्याला आम्ही मूल देत नाही.

मुलींसाठी सोबती बाईच असावी. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

2. पहिली भेट आईची

मी पहिल्या खेपेला ही चूक केली. मुलाला चर्चच्या आवारात गाठलं, क्रिकेट खेळलो, वडापाव खाऊ घातला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची आई पाळकसाहेबांकडे गेली, ‘हा माणूस माझ्या पोराच्या मागे का आहे?’ तिचा प्रश्न अगदी बरोबर होता.

आईला भेटायला एकटे जाऊ नका. पत्नीला घेऊन जा, नाहीतर महिला मंडळातल्या कुणाला तरी. नवरा नसलेल्या बाईच्या दारात पुरुषाची मोटारसायकल वारंवार दिसली की गल्ली काय बोलते, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचा भार तिलाच वाहावा लागतो. ओट्यावर बसा. आत बोलावलं तर दार उघडं राहू द्या. ‘ताई’ म्हणा किंवा ‘वहिनी’, जे त्या घराला साजेल ते.

तिला तीन गोष्टी स्पष्ट सांगा : आठवड्यातून किती वेळ देणार, कुठे भेटणार, आणि काय करणार नाही. मग तिचं ऐका. मुलाला काय आवडतं, कशावरून चिडतो, मामा-काका कोण आहेत, घरात त्याचा कुणावर विश्वास आहे. बहुतेक घरांत एखादा मामा असतोच. तुम्ही त्या मामाच्या जागी जायचं नाही. उलट तो महिन्यातून एकदा येत असेल तर दोनदा यावा, यासाठी त्याच्याशी बोला. मुलासाठी हे तुमच्या येण्याहून मोठं काम ठरू शकतं.

आईला कमी लेखू नका, हे मुद्दाम लिहितो, कारण मंडळीत ते नकळत होतं. ‘घरात पुरुष नाही, पोरगं बिघडणारच’ असं तिच्या तोंडावर म्हणणारी वडीलधारी माणसं मी पाहिली आहेत. पंडिता रमाबाईंचे पती 1882 मध्ये गेले, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. त्या आईने तिला कसं वाढवलं ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात पुढे दिसलंच. पवित्र शास्त्रातला तीमथ्य बघा. त्याच्या वडिलांबद्दल प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये एवढंच येतं की ते हेल्लेणी होते. त्याच्या विश्वासाची गोष्ट निघते तेव्हा पौल नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. पौलाने तीमथ्याला लेकरू म्हटलं, पण त्या दोघींनी घातलेल्या पायावरच पुढचं बांधलं. तुमचं काम तसंच आहे.

मूल दुसऱ्या धर्माच्या घरातलं असेल तर आईची लेखी संमती घ्या, उपासनेचं काय होईल ते तिच्यासमोर आधी बोला आणि बाप्तिस्म्याचा विषय काढू नका. वह्या-पुस्तकांच्या बदल्यात कुणाला चर्चमध्ये बसवणं हे प्रभूच्या नावाला शोभणारं नाही.

3. वडील ‘नाहीत’ म्हणजे काय, ते समजून घ्या

नवे सोबती इथेच सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

वडील वारले, ही एक गोष्ट. त्या मुलाच्या घरात वडिलांचा फोटो असतो, लोक त्यांचं नाव चांगुलपणाने घेतात, ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत फुलं वाहायला कबर असते. त्याला दुःख करायला जागा आहे. त्याच्याशी वडिलांबद्दल बोला. ‘तुझे पप्पा काय काम करायचे? गाणी म्हणायचे का?’ असं विचारा. लोकांना वाटतं, विषय काढला की मुलगा रडेल. रडू द्या. कुणीच नाव घेत नाही, याचं त्याला जास्त लागतं. 2020-21 च्या कोरोनात ज्यांचे वडील गेले, त्यांतल्या कितीतरी मुलांना शेवटचं तोंडही बघता आलं नाही. त्यांच्याबरोबर मुद्दाम कबरीवर जा.

वडील सोडून गेले, ही वेगळीच गोष्ट. त्याच्याकडे कबर नाही, फोटो कपाटात उलटा ठेवलेला, आणि बाप जिवंत असून आपल्याकडे येत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्यात आपल्याकडची नावाची रीत. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव येतंच. हजेरीत, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, आधारवर, जो माणूस त्याला टाकून गेला त्याचंच नाव रोज हाक मारल्यासारखं. राज्य सरकारने 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचं नावही वडिलांच्या नावाआधी लावायचं ठरवलं, पण तुमच्यासमोरचा पंधरा वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही. एका मुलाने मला विचारलं होतं, ‘दादा, मधलं नाव खोडता येतं का?’ मी तेव्हा प्रवचन दिलं. द्यायला नको होतं. राजपत्रात नावबदलाचा मार्ग असतो, तो अठरा पूर्ण झाल्यावर शांतपणे ठरवता येईल, एवढंच सांगायला हवं होतं आणि मग गप्प बसायला हवं होतं.

तिसरा प्रकार : वडील घरातच, पण दारूत. किंवा तुरुंगात. किंवा वर्षातून दोनदा येऊन मारझोड करून जाणारे. हा मुलगा मंडळीच्या यादीत ‘पितृहीन’ म्हणून येतच नाही. त्याला शोधा.

आणि कुठल्याही प्रकारात त्याच्या बापाला नावं ठेवू नका. मुलगा स्वतः शिव्या देत असला तरीही. तुम्ही एक शब्द बोललात की तो मनातल्या मनात बापाच्या बाजूने उभा राहतो, आणि तुमच्यापासून लांब.

4. वार आणि वेळ ठरवा, आणि मोडू नका

मला या कामातली एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन. तुमच्या हुशारीपेक्षा तुमचं येणं त्याला हवं आहे. ज्याला एकदा कुणीतरी सोडून गेलं आहे, तो मुलगा प्रत्येक मोठ्या माणसाची परीक्षा घेतो : हा कधी येणं बंद करेल?

एस्तेरच्या पुस्तकात मर्दखयाबद्दल एक वाक्य येऊन जातं. एस्तेरला आईबाप नव्हते, त्याने तिला मुलगी मानून वाढवलं. ती राजवाड्यात गेल्यावर तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोरून जायचा, ती कशी आहे हे कळावं म्हणून. रोज. तो तिथे काही करू शकत नव्हता, तरी जायचा.

आठवड्याला दीड तास पुरे. शनिवारी पाच म्हणजे शनिवारी पाच. सुरुवातीला उत्साहात आठवड्यातून तीनदा जाऊ नका. ते टिकणार नाही आणि तिसऱ्या महिन्यात तुम्ही एकदाच जाऊ लागलात की मुलाला ते कमी होणंच दिसेल. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, तोही त्यालाच, आईकडे निरोप नको. कमीत कमी दोन वर्षं देता येणार नसतील तर काम हाती घेऊ नका. त्यात कमीपणा नाही. संडे स्कूलमध्ये शिकवा, सहलीला मदत करा. अर्ध्यावर सोडलेल्या सोबतीने मुलाला दुसऱ्यांदा तीच जखम होते.

पहिले तीन-चार महिने तो बोलणार नाही. भेटीला दांडी मारेल. तुम्ही ठरल्या वेळी जाऊन अर्धा तास बसा, आईला सांगून परत या, पुढच्या शनिवारी पुन्हा जा.

5. बसून बोलू नका, काहीतरी करत बोला

समोरासमोर बसवून ‘तुझं ध्येय काय?’ विचारलं की मुलगा दगड होतो. हातांना काम द्या. पंक्चर काढा, पंख्याचा कपॅसिटर बदला, नाताळच्या गोठ्यासाठी बांबू तासा, बँकेत जाऊन स्लिप भरायला शिकवा, तबल्याला बसत असेल तर भजनात त्याच्या शेजारी टाळ घेऊन बसा. दाढी कशी करायची हे एका मुलाने मला खूप लाजत विचारलं होतं. घरात विचारायला कुणी नव्हतं. अशा गोष्टींची यादी कुठे मिळत नाही, सोबत असलं की त्या आपोआप येतात.

शास्त्रवाचन आणि प्रार्थना हवीच. पण दहा मिनिटं, आणि पहिल्या भेटीपासून नको. लूककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा, छोटे भाग घ्या, प्रश्न त्याला विचारू द्या.

एक गोष्ट जपा. प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवातच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी आहे. ज्याने पित्याचा पट्टा पाठीवर सोसला आहे, त्याच्या घशात तो शब्द अडकतो. माझ्याकडचा एक मुलगा चर्चमध्ये ही प्रार्थना सुरू झाली की बूट बांधायला खाली वाकायचा. मला कळायला वर्ष लागलं. त्याला ‘देव तुझा खरा बाप आहे’ असं घाईने सांगू नका. ते खरं आहे, स्तोत्र 68 देवाला पितृहीनांचा पिता म्हणतं, पण ते त्याला हळूहळू कळू द्या. यशया 66:13 वाचा, तिथे देव आईसारखं सांत्वन करतो. आपल्या नगरात राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळवलं, ते मराठी माणसाला कानाला किती जवळचं वाटतं! मुलाला त्या दाराने आत येऊ द्या. त्या मुलाने तीन वर्षांनी, दृढीकरणाच्या (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीच्या) वर्गात, स्वतःहून ती प्रार्थना पूर्ण म्हटली. मी काही बोललो नाही, शेजारी उभा होतो.

6. कागदपत्रं : इथे तुम्ही खरंच उपयोगी पडता

आई दिवसभर कामाला. कचेरीत एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणून पहिल्या दोन महिन्यांतच एक फाइल करा, मुलालाच करायला लावा :

– वडिलांचा मृत्यू दाखला (नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा)
– मुलाचा जन्म दाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड
– आईचं आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा
– मुलाच्या नावाचं बँक पासबुक, आधार जोडलेलं
– वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला

पहिला सापळा : अनेक घरांत चर्चच्या दफन नोंदवहीतला उतारा असतो आणि तोच मृत्यू दाखला समजला जातो. तो चालत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, पण काम होतं. वडील बेपत्ता असतील तर सात वर्षं काहीच खबर नसल्यावर न्यायालयातून मृत्यू गृहीत धरून घ्यावा लागतो. त्यासाठी पोलिसांतली बेपत्ता तक्रार जपून ठेवा.

ही फाइल घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेबद्दल विचारा. एकच पालक असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत त्यात मदत मिळते. 2023 मध्ये ही रक्कम दरमहा 2,250 रुपये झाली. घरी चौकशीला माणूस येतो आणि बालकल्याण समितीचा आदेश लागतो, म्हणून वेळ जातो. विधवा किंवा परित्यक्ता आईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात वेगळा करायचा. रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका, कार्यालयातच विचारा. एजंटला पैसे देऊ नका.

दुसरा सापळा दहावीनंतर उघडतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो, पण पुरावा वडिलांच्या बाजूचा आणि 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा मागतात. नवरा सोडून गेला असेल तर सासरची माणसं आजोबांचा दाखला देत नाहीत. आजोबा ज्या जुन्या मिशन शाळेत शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा शाळेकडून मागा. हे काम आठवीतच सुरू करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून हाती काही लागत नाही, मी दोन मुलांचा प्रवेश असा हुकलेला पाहिला आहे.

7. न मोडायचे नियम

– भेट उघड्यावर, किंवा जिथे तिसरं माणूस बघू शकतं तिथे. बंद खोली नाही.
– मुक्काम नाही. शिबिराला गेलात तर दोन मोठी माणसं हवीत, झोपण्याची सोय वेगळी.
– रात्री नऊनंतर मेसेज नाही. तातडीचं असेल तर फोन, आणि सकाळी आईला कळवायचं.
– मुलाचा फोटो त्याच्या दुःखाच्या गोष्टीसह मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. साक्ष देतानाही त्याचं नाव घ्यायचं नाही.
– ‘आपल्या दोघांतच राहू दे’ असं वाक्य तुमच्या तोंडी येता कामा नये.

मुलाने सांगितलं की कुणी त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं आहे, तर गुप्ततेचं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. 2012 च्या पॉक्सो कायद्याने हे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक 1098. ‘मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू’ असं कुणीही म्हणालं, अगदी वडील मंडळींपैकी कुणीही, तरी थांबू नका. जिवाला कंटाळल्याची भाषा ऐकलीत तर त्याच दिवशी आईला सांगा, मुलाला एकटं सोडू नका, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

8. पैसा

हातात रोख देऊ नका. फी भरायची असेल तर कमिटीच्या मार्फत, शाळेच्या नावाने, पावती आईकडे. मी एकदा मोबाइल घेऊन दिला होता. त्यानंतर तो मुलगा माझ्याशी खरं बोलेनासा झाला, कारण आता त्याला मला नाराज करणं परवडत नव्हतं.

9. मंडळीतले अवघड दिवस

जूनच्या तिसऱ्या रविवारी अनेक चर्चमध्ये पितृदिन होतो. मुलं वडिलांना फूल देतात, फोटो निघतात. तुमचा मुलगा त्या दिवशी आजारी पडतो. पाळकसाहेबांशी मे महिन्यातच बोला. आमच्याकडे आता सगळी मुलं सगळ्या वडीलधाऱ्यांना फुलं देतात, आणि त्या रविवारी गेलेल्या वडिलांची नावं प्रार्थनेत घेतली जातात. वडिलांचा मृत्युदिन, त्यांचा वाढदिवस आणि नाताळची संध्याकाळ वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी जाऊन या, दहा मिनिटं का होईना.

आणि कुणी प्रेमाने म्हणालं की ‘आता हेच तुझे पप्पा’, तर तिथल्या तिथे थांबवा. तो तुम्हाला काका म्हणेल, दादा म्हणेल, सर म्हणेल. पप्पा नाही.

10. निरोप घ्यायची वेळ आली तर

बदली होते, आजारपण येतं. दोन महिने आधी सांगा, त्याला आणि आईला एकत्र बसवून. नव्या सोबत्याला निदान तीन शनिवार बरोबर घेऊन जा, मग तुमचं जाणं थांबवा. कागदांच्या फाइलची एक प्रत आईकडे, एक मुलाकडे. भेटींची वही कमिटीकडे जमा करा, पण वडिलांच्या मृत्युदिनाची आणि त्याच्या वाढदिवसाची तारीख तुमच्याकडे उतरवून घ्या. त्या दोन दिवशी फोन करत जा, तो उचलो न उचलो.

माझे कंपाउंडर काका मी नोकरीला पुण्याला गेल्यावरही मार्चमध्ये, माझ्या वडिलांच्या दिवशी, एसटीडी बूथवरून फोन करायचे. ‘आठवण आहे रे मला,’ म्हणायचे आणि सायकलचं विचारायचे. सायकल केव्हाच विकली होती, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.